मागची भिंत आणि चोवीस चौकोन

घाटकोपरला भटवाडीत, रामदूत चाळीत, सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की चौदा नंबरातली नीलम हिवराळे ही बिल्डरची माणूस आहे. पक्कं म्हणजे किती पक्कं, तर सुंदराबाईंनी सांगितलं इतकं पक्कं. सुंदराबाई साटम, खोली नंबर एकोणीस, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज पंचविशीतला. नळाला कळशी लावायची, कमरेवर हात ठेवायचा आणि सुरू: "बाये, ता चेडू साधा नाय हा. ढग इले की कामार रजा टाकता नि भिंती मेजता. आमका सगळ्यांका घराभायर काढतला, बघशात तुमी."

पुरावेही होते. नीलमकडे तीन पायांच्या स्टँडवरचा कॅमेरा होता. खडू होता. एखाद्या भिंतीसमोर ती तासन् तास उभी राहायची, वीतभर सरकायची, फोटो काढायची, पुन्हा वीतभर सरकायची. कुणी विचारलं, "काय गं, काय चाललंय?" तर वळूनही न बघता म्हणायची, "दिसतंय ना? मग?" अशा तोंडाची बाई बिल्डरची नसेल तर काय देवळाची असेल?

आता खरं काय ते. नीलमने जन्मात कुणाचं घर मोजलेलं नाही. ती भिंती बनवते, कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी. अंधेरीच्या एका स्टुडिओत अकरा वर्षं तिने तेवढंच केलं. परदेशातली पोरं खेळात बंदूक घेऊन ज्या गल्लीबोळांतून धावतात त्या बोळांच्या भिंती, गंजके पत्रे, फुटके पाइप, शेवाळलेल्या पायऱ्या यांतल्या कित्येक आपल्या गोवंडीच्या, दिंडोशीच्या आणि मुलुंडच्या आहेत, हे त्या पोरांच्या बापालाही माहीत नाही. "गोळी चुकली की माझ्या भिंतीला लागते," नीलम म्हणायची. "तेवढीच आपली ओळख."

ही बातमी काढून आणली ती प्रस्तुत लेखिकेने. प्रस्तुत लेखिका म्हणजे सुंदराबाईंची नात, अकरावी कॉमर्स, चाळीतल्या कुणाचाही आवाज काढून देण्यात पटाईत. आजीनेच तिला वाटीभर उसळ देऊन चौदा नंबरात हेर म्हणून पाठवलं होतं. नीलमने उसळ ठेवून घेतली, हेराला ओळखलं आणि म्हणाली, "ए पोपट, बस. बघ काय बघायचंय ते. आणि आजीला सांग, मीठ जास्त झालंय."

हेराने घरी येऊन खरं ते सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि निकाल दिला: "खेळातल्या भिंतीक पगार? तुका बरी उल्लू बनवल्यान." अफवेत निदान काही अर्थ तरी होता.

नीलम चौतिशीची. चेहरा कायम असा की आत्ताच कुणीतरी पायावर पाय दिला आहे. दोन वर्षांपूर्वी ती वडिलांना घेऊन गोवंडीहून भाड्याने इथे आली. आजी 'गोवंडी' म्हणताना नाक असं काही वर घेते की शब्दाचं स्पेलिंगच बदलतं. नीलमने ते पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं आणि दोन वर्षांत एकदाही विसरली नव्हती. चाळीतल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं. तीही गॅलरीतून जाताना दारातल्या रांगोळीवरून असा पाय उचलायची की रांगोळी मोडायची नाही, पण काढणारीला राग मात्र यायचा.

वडील कुंडलिक हे चाळीस वर्षं रंगारी. जालन्याकडचे, बोलताना अजून 'व्हय' म्हणतात. अर्ध्या उपनगराच्या बेडरूमा त्यांनी गुलाबी केल्या आणि त्याबद्दल त्यांना मिळाला दमा. नीलम लहानपणी त्यांच्याबरोबर कामावर जायची, पॉलिश पेपर भिजवून द्यायची. बाप जुनी भिंत घासायचा तेव्हा आतून रंग निघायचे. वरच्या पिस्ता रंगाखाली निळा, निळ्याखाली कधीचा तरी चुना, मधेच कुणा पोराने पेन्सिलीने मांडलेली बेरीज. मग बाप खड्ड्यांत लांबी भरायचा, अस्तर मारायचा, आणि सगळं सपाट. पोरगी घरी येईपर्यंत फुगलेली. "कशाला बुजवलं?" एवढंच विचारायची. बाप म्हणायचा, "बुजवायचेच पैशे देतेत, पोरी."

म्हणून तिने उलटा धंदा धरला. बाप बुजवायचा, ती उकरून ठेवायची. तिच्या कामाची रीत अशी: उन्हात फोटो काढायचा नाही, कारण सावली भिंतीला चिकटून खेळात जाते. ओल्या भिंतीचाही नाही, ओली भिंत चमकते. कोरडा, ढगाळ दिवस हवा. मुंबईत असे दिवस मोजके, म्हणून रजा. दोन-अडीचशे फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग यायला हवा. मग कॉम्प्युटर ते जोडून भिंतीचा खड्डा न् खड्डा उभा करतो. रंग खरे यावेत म्हणून फोटोत एक कार्ड धरायचं. तळहाताहून थोडं मोठं, त्यावर रंगांचे चोवीस चौकोन.

या कार्डाने पुढे घात केला. ते सांगतेच.

खेळांच्या चित्रांच्या ज्या तऱ्हा असतात त्या प्रत्येकीसाठी नीलमकडे एक शिवी तयार होती. जुन्या खेळांसारखे ठोकळे ठोकळे काढणारे? "आळशी. सोळा चौकोनांत भिंत उरकतात." सपाट कोनांची घरं आणि झाडं? "कागदाची होडी. घाल पावसात, बघ काय होतं." प्रत्येक वस्तूला जाड काळी कड मारणारे? "त्यांना वाटतं कड मारली नाही तर भिंत पळून जाईल." आणि ते हाताने रंगवलेलं, फुगीर, मऊ, कडेकडेला उजेड लावलेलं? इथे ती थांबायची, तोंड वाकडं करायची. "गोग्गोड. दगडाच्यासुद्धा गालाला खळी. बारशाचा केक मेला." खरं ते एकच, फोटोतलं. बाकी सगळे रंगारी.

तर श्रावणातल्या एका सोमवारी स्टुडिओतल्या मुकुलने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. मुकुल हा तिथल्या सगळ्या चित्रकारांचा मुख्य. वय एकोणतीस, दाढी कोरलेली, आणि वाक्य सुरू होण्याआधी 'बेसिकली' येणारच. नीलम त्याची नक्कल करते ती भयानकच असते, पण इथे जमेल तशी देते.

"बेसिकली नीलम, नवा गेम आहे ना, डोंगरउतारावरचं शहर, क्लायंटला त्यात रिअलिस्टिक नकोय. हाताने रंगवलेला लूक हवाय. फोटोचं काम जड होतं यार. मशीन धापा टाकतं. आणि पाच वर्षांत जुनं दिसतं. रंगवलेलं कसं, जुनं होत नाही. सो बेसिकली, तुमच्या फोटो टीमबद्दल आम्ही थोडा वेगळा विचार करतोय."

"काढताय म्हण ना. तोंड दुखतं का?"

"असं नाही गं. चान्स आहे ना. पंधरा दिवसांनी, सोमवारी अकरा वाजता, क्लायंट कॉलवर आहे. तुम्ही तिघं एकेक भिंत ठेवा. फोटोची ठेवा, हाताची ठेवा. ज्या भिंतीपाशी तो थांबला तो माणूस राहिला."

"आणि नाही थांबला?"

मुकुलने पाण्याची बाटली उघडली, झाकण परत लावलं. "तू हाताने कधी रंगवलंयस का पण?"

"मी रंगाऱ्याची पोरगी आहे. म्हणूनच नाही."

खोलीचं भाडं तिच्यावर, बापाची औषधं तिच्यावर. अकरा वर्षांत शिकलेलं काम एकच, आणि ते काम पंधरा दिवसांनी संपणार किंवा राहणार. नीलम घरी आली ती ठरवूनच. केकवाल्यांना असा खरा माल दाखवायचा की क्लायंटची पाचावर धारण बसली पाहिजे. तो माल तिने दोन वर्षं राखून ठेवला होता. आमच्या चाळीची मागची भिंत.

ही भिंत डोंगराकडच्या गटारावर आहे. सगळ्या खोल्यांच्या मोऱ्या तिकडे. पाऊणशे वर्षांत तिला एकदाही एकसारखा रंग लागला नाही. ज्याच्या घरचं लग्न तो उरलेला रंग आपल्या मोरीमागे फासणार. शेजारचा त्याच्यावर कडी म्हणून आपला. वर पावसाचं काळं, खाली साबणाचं पांढरं, मधे पोपडे. आम्हाला ती भिंत म्हणजे पाहुण्यांना तिकडून आणायचं नाही एवढीच माहीत. नीलम मात्र रोज कामावर जाताना मुद्दाम गटारावरून जायची. भिंतीकडे बघताना तिचा चेहरा निवळायचा. चाळीतल्या एकाही माणसाकडे बघताना तो कधी निवळला नव्हता.

पहिले काही दिवस पावसाने खाल्ले. मग एक गुरुवार कोरडा आणि मळभाचा निघाला. नीलमने रजा टाकली, भिंतीवर खडूने फुल्या मारल्या, कार्ड चिकटवलं आणि सकाळी आठपासून वीत वीत सरकायला लागली. तीनला ऊन पडलं. अर्धी भिंत झाली होती. उरलेली शनिवारी, असं म्हणून ती आत गेली आणि कार्ड तिथेच विसरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

कार्ड सापडलं धाकू तात्यांना. धाकू घाडी, चाळ कमिटीचे सेक्रेटरी, खोली नंबर चोवीस. चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी ते उलटसुलट बघितलं, मग नळापाशी सभा भरवली.

"चौकोन किती? मोजा. चोवीस. खोल्या किती? चोवीस. योगायोग? अहो, मी पालिकेच्या दारात चपला झिजवल्यात, मला शिकवता?" तात्यांचा आवाज लाउडस्पीकर चाचणीसारखा आहे, प्रत्येक वाक्य 'हॅलो हॅलो'च्या चालीवर. "हा आहे नकाशा. प्रत्येक खोलीला रंग दिलाय. हिरवा म्हणजे राजी. लाल म्हणजे विरोधक. आणि ही खालची ओळ बघा, एकोणीस ते चोवीस. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. शेवटचा चौकोन काळाकुट्ट. चोवीस नंबर. म्हणजे मी!"

"नि माझो पांढरो?" सुंदराबाई पुढे झाल्या.

"पांढरा म्हणजे खोली रिकामी. त्यांच्या हिशेबात तुम्ही गेलात, सुंदराबाई."

यानंतर जे झालं त्याला आजीचा संताप म्हणणं म्हणजे वादळाला वाऱ्याची झुळूक म्हणणं. वनमालाकाकूंनी, म्हणजे अठरा नंबर, शेजारधर्म म्हणून तेल ओतलं: "फोटोत भिंतीच्या भेगा दाखवतील हो. धोकादायक इमारतींच्या यादीत टाकतील. मग आपण सगळे संक्रमण शिबिरात." संक्रमण शिबिर म्हटल्यावर पुरुषसुद्धा उठले. आमच्याकडे मेलेला माणूस परत येईल, पण संक्रमण शिबिरात गेलेला येत नाही.

उपाय तात्यांनीच काढला. भेगाच दिसल्या नाहीत तर यादीत टाकतील कसे? गणपतीच्या मंडपाच्या कमानीसाठी आणलेला ऑइल पेंट होता, पीच रंगाचा, डबेच्या डबे. शुक्रवारी नीलम कामावर गेली आणि दहा वाजता आठ जण ब्रश घेऊन गटारावर उतरले. सुंदराबाई स्टुलावर बसून देखरेख करत होत्या. "थंय ऱ्हवला! अरे मेल्या, डोळे आसत काय बटणां?" पाच वाजता मागची भिंत कडेपासून कडेपर्यंत पीच झाली, लग्नाच्या हॉलसारखी. खोटं कशाला बोला, चार फूट भिंत प्रस्तुत लेखिकेनेही मारली.

सात वाजता नीलम आली. नेहमीप्रमाणे गटारावरून.

वर गॅलरीत अख्खी चाळ दाटीवाटीने उभी, आणि खाली ती एकटी. तिने भिंतीला बोट लावलं. बोट पीच झालं.

"कुणी केलं?"

"चाळीन केलान," सुंदराबाई वरून म्हणाल्या. "काढ आता फोटो. बरो दिसता ना?"

"आजी, तुमच्या वयाची भिंत होती ती. तुमच्यापेक्षा बरी दिसत होती."

तात्यांनी ते कार्ड पुराव्यासारखं उंच धरलं. "आणि हे काय आहे? बोला! हा काळा चौकोन कुणाचा? उत्तर द्या!"

नीलमने कार्डाकडे बघितलं, मग तात्यांकडे, मग चाळीच्या चोवीस दारांकडे. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती हसली, आणि ते हसू शिवीहून वाईट होतं.

"ते कार्ड जगात जिथे जिथे विकत मिळतं ना तात्या, तिथे तिथे काळा चौकोन शेवटीच असतो. तुमच्यासाठी जगाने एवढं केलंय. लाजा जरा."

तेवढ्यात कुंडलिक काठी टेकत खाली आले. सगळ्यांना वाटलं आता म्हातारा रडारड करणार. कुंडलिक भिंतीजवळ गेले, नखाने रंग खरवडला, वाकून कोपरा बघितला आणि वर तोंड करून म्हणाले, "अस्तर कोण मारलं न्हाई? ओल्या भितीवर ऑइल पेंट? दिवाळीपर्यंत फोडासारखा फुगंल सगळा. चाळीस वर्षांत असलं गचाळ काम बघितलं न्हाई." आणि खोकत खोकत निघून गेले. गॅलरीतल्या आठही रंगाऱ्यांना हे नीलमच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

हातात उरले दहा दिवस, अर्ध्या भिंतीचे फोटो, आणि अर्ध्या भिंतीने काही होत नाही. दुसरी भिंत शोधावी तर पाऊस धरून बसला. शनिवारी नीलमने कॉम्प्युटर उघडला, पडद्यावर चित्र काढायचं पेन हातात घेतलं आणि अकरा वर्षं ज्याला नावं ठेवली तेच करायला बसली. हाताने भिंत रंगवायला.

वाईट झाली. पहिली भिंत पोहे सांडल्यासारखी. दुसरी रबरासारखी. सोमवारी स्टुडिओत मुकुल मागून डोकावला, "बेसिकली, डाग कुठेही टाकलेस गं. डाग असे पडत नाहीत," म्हणाला आणि गेला. सगळ्यात राग याचा आला की तो खरं बोलला होता. फोटोत डाग आपोआप येतात. कुठे का पडतात याचा विचार तिने कधी केलाच नव्हता. उलट अकरा वर्षं ती ठळक डाग शोधून पुसत आली होती. खेळात तोच भिंतीचा तुकडा फरशीसारखा पुन्हा पुन्हा लावतात. एक ठळक डाग दहादा दिसला की खेळणाऱ्याला फसवणूक कळते.

कुंडलिकांनी तिला काही शिकवलं नाही. शिकवायला गेले असते तर तिने ऐकलं नसतं. त्यांनी फक्त मोरीच्या पाइपामागून, जिथे आमच्या आठ रंगाऱ्यांचा ब्रश पोचला नव्हता तिथून, नखाएवढा पोपडा काढून आणला आणि तिच्या की-बोर्डवर ठेवला. कडेने बघितलं तर सात थर, कांद्यासारखे. "ह्यो चुना. ह्यो निळीचा चुना. ह्यो डिस्टेंपर, लग्नाचा असंल. हात लागतो तिथं आधी तेल चढतं, मग काळं होतं, मग उडतं. आता कुणाचा हात कुटं लागत हुता ते म्या कसं सांगू? ते इचार त्यास्नी." त्यांनी काठीने चाळीकडे दाखवलं.

विचार त्यांना. जे लोक तिला नळावर नंबर देत नव्हते त्यांना.

नीलम विचारायला गेली नाही. तिने भांडण काढलं. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती बापाला म्हणाली, "बरं झालं रंगवली. मागची भिंत म्हणजे नुसता उकिरडा होती. कुणी कधी हातसुद्धा लावला नसेल."

दार उघडलं ते सुंदराबाईंचं. "हात लावूक नाय? माझ्या घोवान गिरणीसून येवन त्याच भिंतीक पाठ टेकून तीस वर्सां बिडी ओढल्यान! थंय तेचे पाठीचो डाग होतो, तुझ्या बापाशीक इचार!"

"कुठे? खिडकीच्या डावीकडे? काहीतरीच. तिथे तर शेवाळ होतं."

"उजवीकडे गो, आंधळे! शेवाळ वनमालाच्या मोरीखाली!"

वनमालाकाकू बाहेर. "माझ्या मोरीखाली काही नव्हतं हं. गळती तात्यांच्या टाकीची. एक्क्याण्णव सालापासून सांगतेय."

तात्या बाहेर. "हॅलो, टाकी माझी नाही, कमिटीची! आणि तुमच्या पोरांनी भिंतीवर स्टंप काढून बॉलचे ठिपके पाडले, ते कोण बोलणार?"

नीलम कठड्याला टेकून होती आणि ओढणीआड तिचा अंगठा मोबाइलवर चालला होता. आठवडाभर रोज संध्याकाळी एक काडी टाकायची: एखाद्याची पणजी, एखाद्याचा रंग, एखाद्याची मोरी. चाळ रोज पेटायची. शिव्यांमधून शेगडी कुठे होती ते यायचं, कुठल्या खिळ्याला कुणाची सायकल टांगायची ते यायचं, कुठल्या बाळंतिणीचे लंगोट वाळत घालून भिंतीला निळीचे ओघळ पडले तेही. एवढ्या शिव्या खाऊन ताजीतवानी होऊन घरात जाणारी बाई चाळीने पहिल्यांदाच पाहिली. प्रस्तुत लेखिकेला तिसऱ्या दिवशी प्रकार कळला. सांगितलं मात्र नाही कुणाला. इतके आवाज एका वेळी ऐकायला फुकटात मिळत होते.

रविवारी दुपारी नीलमने तिला भिंत दाखवली.

फोटोसारखी नव्हतीच. विटांच्या कडा गुबगुबीत, उजेड वरून लोण्यासारखा लावलेला, सावल्या चक्क जांभळ्या. पोपडे एवढे मोठे की हाताने सोलावेत. तीच तऱ्हा, जिला ती स्वतः बारशाचा केक म्हणायची.

"नीलमताई, हा केक आहे."

"आहेच."

"ही आमची भिंत नाही. आमच्या भिंतीला जांभळा रंग कधीच नव्हता."

"तुझ्या आजीला दाखवू. तिने ओळखली तर उद्या अकराला ठेवते. नाही ओळखली तर राजीनामा आजच टाकते. तोंड पाडून घ्यायला तिथे जात नाही मी." ती हे ओरडून बोलली नाही, म्हणून खरं वाटलं.

"नाही ओळखणार. आजीला टीव्हीतली स्वतःच्या गावची बातमी ओळखू येत नाही. लाव पैज."

"लावली. तू जिंकलीस तर माझा जुना पेन-टॅबलेट तुझा. मी जिंकले तर गॅलरीत उभं राहून आजीची नक्कल करायची. आजीसमोर. सगळे असताना."

आजीला आणलं ते खोटं सांगून, की नीलम माफी मागणार आहे. आजी चौदा नंबरात पहिल्यांदाच शिरली. उंबऱ्यावर थांबली, आत बघितलं, मग बसायला दिलेली खुर्ची पदराने पुसून बसली. नीलमने ते बघितलं. तरी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

आजी बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, लावला.

मग आजीने हात पुढे केला आणि स्क्रीनवर, खिडकीच्या उजवीकडे, माणसाच्या पाठीएवढ्या एका तेलकट काळ्या डागावर बोट ठेवलं. एकदम आवाज फुटला: "ह्या कोणी काढल्यान? एवढो खाली? माझो घोव काय बुटको होतो? वर घे! वीतभर वर घे, सांगतंय!"

"इतका वर?" नीलमने पेन उचललं.

"अजून. अजून गो! हां. थंय." आणि मग, श्वासही न घेता: "नि ता काळा माझ्या शेगडीचा न्हय, वनमालाच्या स्टोव्हचा. माझ्या नावार घालू नको. गोवंडीची ती गोवंडीचीच."

"एकोणीस नंबर, गप बसा आणि स्टोव्ह कुठे होता ते सांगा."

दोघी साडेचारपर्यंत भांडत होत्या. आजीने एकदाही 'छान' म्हटलं नाही, नीलमने एकदाही पाणी विचारलं नाही. उठताना आजी एवढंच म्हणाली, "जांभळो रंग कित्याक?" नीलम म्हणाली, "संध्याकाळचा." आजीने मान हलवली. हो का नाही ते आजपर्यंत कळलेलं नाही.

सोमवारी अकराला कॉल झाला. बाकी दोघांच्या भिंती क्लायंटने भराभर पुढे ढकलल्या. नीलमच्या भिंतीपाशी तो थांबला आणि त्याने विचारलं, या डागापाशी कोण बसतं? मुकुल म्हणाला, "बेसिकली, ती एक डिझाइन चॉइस आहे." नीलम म्हणाली, "गिरणी कामगार. बिडी ओढतो." नोकरी राहिली. हाताखाली मुकुलने दोन पोरं दिली आणि वर बसवली आपलीच एक चोवीस वर्षांची मैत्रीण, जी नीलमला रोज सांगते की डाग जरा क्यूट कर.

बाकीच्या दोघांना काढलं. नीलमने त्यांच्यासाठी भांडून बघितलं, फुकट गेलं.

चाळीत तिच्याशी अजून कुणी धड बोलत नाही. तात्यांनी कार्ड परत दिलेलं नाही. अफवा आता अशी आहे की ती बिल्डरची माणूस होती, पण सुंदराबाईंनी फोडली.

राहिली पैज. त्याच सोमवारी संध्याकाळी, नळाच्या वेळेला, अख्खी चाळ कळश्या घेऊन उभी असताना, प्रस्तुत लेखिकेला गॅलरीच्या मधोमध उभं करण्यात आलं. समोर आजी, हातात उलथनं. लेखिकेने कमरेवर हात ठेवला, नाक वर घेतलं आणि सुरुवात केली, "बाये, ता चेडू साधा नाय हा..." आजीचे डोळे बारीक होत गेले. लेखिकेचा आवाज हळूहळू खाली यायला लागला.

चौदा नंबरच्या पायरीवर नीलम उसळीची वाटी घेऊन बसली होती. चमचा न थांबवता ती म्हणाली, "मोठ्याने, पोपट. चोवीस नंबरला ऐकू जात नाहीये."